अक्षरांचा शेजार

बस्तीतून बाहेर पडताना कुणी ना कुणी विचारतंच, "लेक काय शिकते गे तुझी?" ग्राफिक डिझाइन, असं सांगितलं की समोरची मान डोलावते. डिझाइन म्हटल्यावर साड्यांचे काठ, ब्लाऊजचे गळे, फार तर लग्नपत्रिका असं काहीतरी तिच्या डोळ्यांपुढे येत असावं. पण आणखी पुढे जाऊन "त्यातही यंदा टायपोग्राफी आहे" असं मी म्हटलं, की हमखास उत्तर येतं, "टायपिंग होय? मग पुण्याला कशाला पाठवलीस, इथं क्लास आहेत की."

टायपोग्राफी म्हणजे टायपिंग नव्हे. छापायचं अक्षर कसं घडवायचं आणि घडवलेली अक्षरं पानावर कशी बसवायची, याचं ते शास्त्र आहे. आपण पुस्तक वाचतो तेव्हा मजकूर वाचतो, अक्षर बघत नाही. भात खाताना भांड्याकडे कोण बघतं? पण भांडं करपणारं असेल तर भातात कळतंच. लेकीचं सगळं शिक्षण त्या भांड्याचं आहे, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं आहे.

पहिल्या वर्षी तिनं पंधरा दिवस एकच अक्षर काढलं. 'अ'. मोठ्या कागदावर, आधी पेन्सिलनं, मग बोरूनं, मग शाईनं भरून. फोनवर रोज विचारायचे, "आज काय केलंस?" तर "अ". दुसऱ्या दिवशी पुन्हा "अ". ह्यांना काही ते झेपेना. लाखाच्या वर फी भरून पोरगी बालवाडीत बसली आहे, असं ते दुकानात सांगत असत. मला मात्र आमच्या सांगलीकडच्या शाळेतल्या बाई आठवायच्या. पाचवीपर्यंत आम्हाला बोरूनं कित्ता गिरवावा लागे. बोरूच्या टोकाला तिरका छेद द्यायच्या त्या, आणि तो छेद जमला नाही तर अक्षर कुठं जाड, कुठं बारीक व्हायचं ते बिघडून जायचं. तेव्हा वाटे, हे जाड-बारीक म्हणजे नुसती शोभा. लेकीनं सांगितलं की ते लेखणीच्या टोकाचं वळण आहे. देवनागरी अक्षराची उभी रेघ कुठं भरते आणि वळसा कुठं निमुळता होतो, हे बोरूनं ठरवून ठेवलेलं आहे. पुढं शिशाचे खिळे आले, मग कॉम्प्युटर आला, तरी अक्षरानं बोरूची चाल सोडलेली नाही. आणि कन्नड अक्षरं गोल का, तर ताडपत्रावर लोखंडी टोकानं सरळ आडवी रेघ ओढली तर पान त्याच्या शिरेबरोबर फाटतं, म्हणून हात वळवत न्यायचा, असं त्यांना शिकवलं जातं. अक्षराच्या आत जी पांढरी जागा कोंडलेली असते तिलाही त्यांच्यात नाव आहे, काउंटर. मी तिला अक्षराचं पोट म्हणते. पोट बुजलं की अक्षर मेलं, असं त्यांचे सर म्हणतात म्हणे.

एकदा बोलता बोलता मी तिला ब्राह्मीची गोष्ट सांगितली. तशी ती तिला लहानपणापासून माहीत होती, पण पाठशाळेतली गोष्ट म्हणून. आदिनाथ भगवंतांनी आपल्या दोन मुलींना शिकवलं, ब्राह्मीला उजव्या हातानं लिपी आणि सुंदरीला डाव्या हातानं अंक. म्हणून अक्षरं डावीकडून उजवीकडे जातात आणि अंकांची किंमत उजवीकडून डावीकडे वाढत जाते. आधी शिकवलं ते मुलींना, हा भाग मी महिला मंडळात नेहमी ठासून सांगते. लेक म्हणाली, "म्हणजे आमच्या कोर्सची पहिली विद्यार्थिनी ब्राह्मीच की." मग तिनं मला तिच्या पुस्तकातलं सांगितलं. अशोकाच्या शिलालेखांची लिपी ब्राह्मी, तिचं एक वळण उत्तरेत होत होत नागरी झालं आणि दुसरं दक्षिणेत होत होत कन्नड झालं. शेकडो वर्षं वेगळ्या घरांत वाढल्यामुळे तोंडवळा बदलला, एवढंच.

आमच्या घरात या दोघी बहिणी एकाच छताखाली नांदतात. माझं माहेर मराठी. सासर बेळगावचं, पण सासूबाई धारवाडकडच्या, शाळा कन्नड. मराठी त्या बोलतात अशी की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये, पण वाचता येते ती कन्नड लिपीच. आणि मी तीस वर्षांत कन्नड बोलायला शिकले, दुकानाच्या पाट्या आणि बसचे फलक वाचते, पण पुस्तक म्हटलं की माझी गाडी अडते. सकाळी आम्ही दोघी भक्तामर म्हणतो. स्तोत्र एकच, मानतुंगाचार्यांचं, संस्कृत, अठ्ठेचाळीस श्लोकांचं. त्यांच्या हातात कन्नड लिपीतलं पुस्तक, माझ्या हातात नागरीतलं. आवाज एक, पानं दोन. लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नजर चांगली आहे. त्यांना लांबचं छान दिसू लागलं. गच्चीवर कुणाचा पापड वाळतोय ते सांगायच्या. पण सकाळी पुस्तक घेऊन बसल्या की दहाव्या-बाराव्या श्लोकाला मिटून ठेवायच्या. अर्ध्याहून अधिक पाठ होतं, तरी तिशीच्या पुढं त्यांची ओळ चुकायची. आणि खरं सांगायचं तर पाठ असणं-नसणं हा प्रश्नच नव्हता. साठ वर्षं ज्या बाईनं पुस्तक समोर धरून म्हटलं, तिला पुस्तकाशिवाय म्हटलेलं म्हटल्यासारखं वाटत नव्हतं. एक दिवस म्हणाल्या, "तू म्हण, मी ऐकते. माझं वाचन संपलं आता." त्या दिवसापासून त्या शेजारी नुसत्या हात जोडून बसू लागल्या. घरात कुणी काही बोललं नाही. चष्म्याचा नंबर पुन्हा काढून आणला, तोही बरोबरच निघाला.

तिसऱ्या वर्षी लेकीला काम मिळालं ते असं. घरातलं एखादं छापील पान घ्या, ते कोण वाचतं, कसं वाचतं ते बघा आणि ते पान नव्यानं रचा. वर्गातल्या कुणी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी घेतली, कुणी लाइटचं बिल, एकीनं शाळेचं वेळापत्रक. आमची दिवाळीच्या सुट्टीत आली आणि अज्जीचं भक्तामर घेऊन बसली.

ते पुस्तक तुम्ही पाहिलेलं आहे. हेच नाही, तर याच्यासारखं. आपल्या प्रत्येकीच्या देवघरात अशी दहा-बारा तरी असतात. कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, शास्त्रदान म्हणून छापलेली. पहिली चार पानं रंगीत, गुळगुळीत, दात्यांचे फोटो, आईवडिलांचे फोटो, सुनाजावयांची नावं बोटभर अक्षरात. आणि मग स्तोत्र सुरू होतं ते मुंगीच्या पावलांनी. पानं वाचवायची असतात ना. मला हे आधीही खटकायचं, पण शास्त्रदानाला नाव कसं ठेवायचं म्हणून गप्प बसत होते. लेकीनं पट्टी काढली आणि मोजलं. दात्याचं नाव स्तोत्राच्या अक्षराच्या तिप्पट उंच भरलं.

मग तिनं एकेक दाखवायला सुरुवात केली. अक्षर अकरा पॉइंटचं. (बहात्तर पॉइंट म्हणजे एक इंच, हे मला आता झोपेतही सांगता येईल.) तेही सगळं ठळक. ठळक केलं की म्हाताऱ्या माणसांना दिसतं अशी छापणाऱ्यांची समजूत, पण लहान अक्षर ठळक केलं की त्याचं पोट बुजतं. कन्नडमध्ये तर पोटंच पोटं. कागद चकचकीत, त्यावर ट्यूबलाइटची तिरीप पडून अर्धी ओळ पांढरी होते आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना ती जास्त टोचते. सगळ्यात मोठी भानगड ओळींमधल्या जागेची. आपल्या नागरीत जोडाक्षर बहुतेक आडवं जोडतात, आधीच्या अक्षराला अर्धं करून पुढच्याला चिकटवतात. कन्नडमध्ये दुसरं अक्षर खाली लोंबतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. आता संस्कृत स्तोत्र म्हणजे जोडाक्षरांची जत्रा. खाली लोंबणारी ओत्तक्षरं पुढच्या ओळीच्या डोक्यावर आपटत होती आणि अज्जी नेमकी तिथं दुसऱ्या ओळीत घसरत होती. डोळे बरोबर होते. पान गर्दीचं होतं.

यावर सरळ उपाय म्हणजे मोठं अक्षर, असं तुम्हालाही वाटेल. लेकीनं पहिल्यांदा तेच केलं. सोळा, अठरा, वीस, चोवीस, असे चार कागद छापून आणले आणि अज्जीपुढं ठेवले. चोवीसचा कागद अज्जीनं हातात घेतला, एक श्लोक म्हटला आणि बाजूला सारला. "हे लहान पोरांचं पुस्तक आहे," म्हणाल्या. लेकीला वाटलं, मान दुखावला. पण कारण दुसरं होतं आणि ते शोधायला तिला दोन दिवस लागले. भक्तामर वसंततिलका वृत्तात आहे. प्रत्येक चरण चौदा अक्षरांचा, एका श्वासाचा. चोवीस पॉइंटात चरण एका ओळीत मावेना, शेवटची तीनचार अक्षरं खाली उतरत होती. म्हणणाऱ्याचा श्वास ओळीच्या टोकाला संपतो. ओळ मध्येच तुटली की चाल मोडते, चाल मोडली की पुढचा शब्द आठवत नाही. अज्जीला अक्षर दिसत होतं, पण म्हणता येत नव्हतं.

मग लेकीनं पुस्तकच आडवं केलं. जुन्या पोथ्या आडव्या असतात त्या ताडपत्राच्या आकारावरून, कागद आल्यावरही लोकांनी तो आकार सोडला नाही. तसं रुंद पान घेतलं की मोठ्या अक्षरातही चौदा अक्षरं एका ओळीत बसतात. पानावर दोनच श्लोक. ओळींमध्ये इतकी जागा की ओत्तक्षरानं पाय पसरले तरी खालच्याला लागू नयेत. साधा, किंचित पिवळसर, बिनचमकीचा कागद. हे सगळं माझ्या देवघरात, जमिनीवर बसून, डिंक आणि कात्री घेऊन चाललं होतं. दिवाळीचा फराळ त्या वर्षी कुणी केला हे मला आठवत नाही, मी नव्हे एवढं नक्की.

आतापर्यंत पुस्तक फक्त अज्जीचं होतं. एक दिवस मी माझं नागरी पुस्तक घेऊन शेजारी बसले होते, तर लेकीनं दोन्ही पुस्तकं चौरंगावर शेजारीशेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आई, हे एकच करूया. डाव्या पानावर अज्जीचं, उजव्या पानावर तुझं." अज्जी माझ्या डाव्या हाताला बसतात, त्यांचा उजवा कान चांगला आहे म्हणून. तेवढ्यावरून डावं-उजवं ठरलं.

पण दोन लिप्या समोरासमोर आणायच्या म्हणजे केवळ चिकटवायचं काम नाही. नागरीला शिरोरेषा असते, अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वरून लोंबतात. कन्नडला अशी सलग रेघ नाही, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आपापला तुरा, तलकट्टु. नागरीचं पान दाट दिसतं, कन्नडचं मोकळं. दोन्हीकडे अठरा पॉइंट लिहिलं म्हणून दोन्ही सारखी मोठी दिसतातच असं नाही, ते ज्याच्या त्याच्या फाँटवर असतं. कॉलेजात पहिल्या तपासणीला तिनं ही पानं भिंतीवर लावली तेव्हा एका सरांनी विचारलं, "यातली मुख्य लिपी कुठली?"

पुण्यात हा प्रश्न सहज विचारता येतो. बाकीच्या मुलामुलींचं काम मराठी आणि इंग्रजीचं होतं, मराठी मोठी, इंग्रजी खाली लहान, कुणाला काही वाटत नाही. आमच्या गावात अक्षर किती मोठं याला वेगळा अर्थ आहे. २०१४ साली बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. २०२४ च्या कायद्यानं पाटीवर साठ टक्के कन्नड हवं. आमच्या कापड दुकानाची पाटी मी आल्यापासून तीनदा रंगवून झाली. पाटी रंगवणारा पेंटर दोन्ही भाषा तितक्याच देखण्या काढतो, हे कुणाच्या लक्षातही येत नाही, लोक फक्त उंची मोजतात. दोन्हीकडचे लोक मोजतात. कुठली मिरवणूक निघायची असली की ह्यांचा पहिला फोन घरी येतो, मुलांना बाहेर सोडू नको म्हणून. अशा गावातल्या मुलीला "मुख्य लिपी कुठली" विचारल्यावर ती गप्प राहिली, यात नवल नाही. तिनं सरांना सांगितलं, "घरी विचारून सांगते."

रात्री तिचा फोन आला. अज्जीला स्पीकरवर घेतलं आणि विचारलं, "अज्जी, तुझं मोठं करू की आईचं? की सारखं?" सासूबाई म्हणाल्या, "मला कमी दिसतंय, माझं थोडं मोठं कर. हिला चष्मा आहे, चालतंय."

त्याप्रमाणे कन्नड वीस आणि नागरी अठरा झालं. लेकीनं तपासणीला हेच कारण लिहून दिलं, अज्जीच्या शब्दांत.

या निमित्तानं ती मला जे सांगत गेली त्यातलं काही आपल्या बायकांना माहीत असावं असं वाटतं. मुंबईत एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना उभा केला, त्यांच्या नागरी खिळ्यांचं वळण आपल्या आज्या-पणज्यांच्या पोथ्यांमधलं. बापूराव नाईकांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांवर मोठा ग्रंथ लिहिला, १९७१ साली, तोही इंग्रजीत. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे र. कृ. जोशी, कवी आणि अक्षरांचे मोठे गुरू, २००८ साली गेले. कॉम्प्युटरवर आपण जो 'मंगल' फाँट बघत आलो तो त्यांचा. आणि कन्नडचा 'तुंगा', तोही त्यांच्याच देखरेखीखाली झाला. एका मराठी माणसाच्या हाताखालून दोन्ही गेले. 'बालू' नावाचा एक गुटगुटीत फाँट आहे, तो वेगवेगळ्या लिप्यांत काढला आहे आणि प्रत्येक लिपीत त्याचं नाव तिथल्या हाकेप्रमाणे. गुजरातीत बालू भाई, बंगालीत बालू दा, पंजाबीत बालू पाजी, कन्नडमध्ये बालू तम्मा. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. ते ऐकून अज्जी खूप हसल्या.

लेकीनं शेवटी 'टिरो' नावाच्या घराण्यातले फाँट घेतले, कारण त्यात देवनागरी आणि कन्नड एकाच विचारानं घडवलेले आहेत, जुन्या भारतीय ग्रंथांच्या छपाईसाठी. करणारी कंपनी कॅनडाची, त्यात फियोना रॉस नावाच्या इंग्लंडच्या बाई, ज्यांनी आपल्या लिप्यांसाठी आयुष्य घातलं. त्यातही देवनागरीचे तीन प्रकार, संस्कृत, हिंदी आणि मराठी. मी विचारलं, लिपी एक तर तीन कशाला? तर 'ल' आणि 'श' साठी. आपला ल दोन पाकळ्यांचा, मधल्या देठावर तोललेला. हिंदीचा ल एका बाजूला कललेला, उजवीकडे काठी टेकून उभा. श चंही तसंच. कॉम्प्युटरच्या लेखी ते एकच अक्षर, रूप कुठलं दिसायचं ते फाँट ठरवतो. महाराष्ट्र सरकारनं २०२२ साली पाकळीचा ल आणि देठाचा श वापरा असा निर्णय काढला, पण आपली अर्धी धर्मपुस्तकं उत्तरेतून छापून येतात, त्यामुळे मी लहानपणी घरात एक ल आणि देवळात दुसरा ल वाचत मोठी झाले. माझ्या पानावर पाकळीचा ल आला तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आणि ळ. हिंदीवाल्यांना त्याची गरज नसते, म्हणून बऱ्याच फाँटमध्ये तो उपऱ्यासारखा बसलेला असतो. आपल्याला हवा आणि कन्नडलाही हवा. या बाबतीत आमच्या दोन्ही पानांचं एकमत आहे.

मुद्रितशोधन माझ्याकडे होतं. बी. ए. ला मराठी घेतल्याचा उपयोग होण्यासाठी तेहतीस वर्षं थांबावं लागलं, पण झाला. नागरीच्या बाजूला प्रस्तावना मराठीत होती. तिथं मला नेमकं काय शोधायचं ते ठाऊक होतं. आमच्याकडे एका चातुर्मासाच्या पत्रिकेत, कुठल्या गावच्या ते सांगत नाही, 'आचार्यांचे मंगल आगमन' ऐवजी 'आचाऱ्यांचे मंगल आगमन' छापून आलं होतं. एक रफार आणि दुसरा डोळ्यांच्या पापणीसारखा अर्धा र, एवढाच फरक. पण मुनिसंघाऐवजी स्वयंपाक्यांचं स्वागत झालं. पत्रिका वाटून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. हा पापणीचा र मराठीला फार लागतो, दऱ्या, वाऱ्या, सुऱ्या, आणि फाँट करणाऱ्यानं मराठीचा विचार केलेला नसला तर तो धड उमटत नाही. लेक म्हणते, फाँट तपासायचा असेल तर आधी 'आचाऱ्या' टाइप करून बघायचं. ही परीक्षा मी घरी शोधलेली आहे असं ती वर्गात सांगते. तशी ती व्याकरणाच्या पुस्तकातली आहे.

प्रस्तावनेत काय लिहावं यावर आमची चर्चा झाली तेव्हा मला श्रवणबेळगोळ आठवलं. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही सगळे गेलो होतो. बाहुबलींच्या पायाशी दगडात अक्षरं कोरलेली आहेत. मूर्ती चामुंडरायानं करवली, हे तिथं कन्नडमध्ये आहे, तमिळमध्ये आहे आणि नागरी लिपीत मराठीतही आहे. मराठीच्या जुन्यातल्या जुन्या कोरीव अक्षरांत त्या ओळी गणल्या जातात. गर्दीत आम्हाला तिथं धड उभंही राहता आलं नव्हतं, सासूबाईंनी माझा पदर घट्ट धरला होता. त्या कन्नड ओळ शोधत होत्या आणि मी नागरी. तेव्हा कोणती किती उंच आहे हे पाहायचं सुचलं नाही. आता लेक म्हणते, पुढच्या वेळी पट्टी घेऊन जाऊ. प्रस्तावनेत मी चार ओळी एवढ्याच लिहिल्या, की असं शेजारी लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

कॉलेजसाठी तीन प्रती बांधून झाल्या, घरासाठी दोन. घरची प्रत आली तो दिवस अष्टमीचा होता. सासूबाईंनी हात धुऊन पुस्तक चौरंगावर ठेवलं, पहिलं पान उघडलं, बोट ओळीखाली धरलं आणि नेहमीच्या संथ चालीत सुरुवात केली. मी शेजारच्या पानावरून साथ दिली. दहावा श्लोक गेला, बारावा गेला. तिसाव्यापाशी मी मनातल्या मनात श्वास धरला. त्यांना कशाचीच कल्पना नव्हती, त्या पुढं गेल्या. शेवटी शेवटी तर माझा चरण पुरा व्हायच्या आत त्या पान उलटू लागल्या. अठ्ठेचाळीस झाल्यावर पुस्तक कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "चलो ऐती." चांगलं आहे. लेकीच्या कॉलेजनं त्या कामाला काय गुण दिले ते तिनं कळवलं होतं, ते बरे होते. अज्जीचे दोन शब्द तिला फोनवर सांगितले तर पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

आता बस्तीत बातमी पसरली आहे. बायका येऊन पुस्तक हाताळतात, आडवं आहे म्हणून आधी नाक मुरडतात, मग डोळ्यांजवळ न नेता वाचता येतंय म्हटल्यावर खाली बसून एकदोन श्लोक म्हणून बघतात. दोघीतिघींच्या घरी आमच्यासारखाच प्रकार आहे, सासू कन्नड, सून मराठी. एकीकडे उलटा आहे. त्यांना प्रती हव्या आहेत. ह्यांच्या एका चुलतभावानं पाचशे प्रतींचा खर्च उचलतो म्हणून निरोप पाठवला, वडिलांच्या स्मरणार्थ, शास्त्रदान म्हणून. माणूस मनाचा मोठा आहे, देणगीला कधी मागं हटत नाही. फक्त सुरुवातीला चार रंगीत पानं घालता येतील का, आणि वडिलांच्या फोटोखाली नाव जरा ठळक, एवढं विचारलं होतं.

लेकीनं परस्परच उत्तर दिलं. काका, नाव शेवटच्या पानावर घालू, दोन्ही लिप्यांत, नऊ पॉइंट.

काकांचा अजून फोन आलेला नाही. सासूबाई म्हणतात, येईल.